फर्गेट-मी-नॉट : त्याची लागवड व निगा

इंग्रजीची दोन बुकें वाचलेल्या मुलासहि या फुलाच्या नांवाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. 'मला विसरूं नकोस' अशी विनवणी नांवांतच घेऊन आलेलें हें फूल युरोपांतील बागांत वसंत ऋतूंत ठिकठिकाणीं दिसतें. असें असून तें नव्यानें लावणारांची तक्रार अशी, कीं पहिल्या वर्षीं रोपास फूल येत नाहीं, दुसऱ्या वर्षीं येतें, आणि तिसऱ्या वर्षीं रोपच सांपडत नाहीं. या तक्रारीचें उत्तर रोपाच्या आयुर्मर्यादेंत आहे. ती एकदां ध्यानांत आली म्हणजे बाकीची निगा सोपी आहे.

बागांत जी जात बहुधा लावितात तिचें शास्त्रीय नांव मायोसोटिस सिल्व्हॅटिका. 'मायोसोटिस' म्हणजे ग्रीक भाषेंत उंदराचा कान. पानांचा आकार व त्यांवरील मऊ लव पाहिली म्हणजे नांव ठेवणारास दोष देववत नाहीं. रोप वीतभर, फार तर फूटभर उंच होतें. फुलांचा तुरा प्रथम विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो व फुलें उमलत जातील तसतसा तो उलगडतो. हा प्रकार डोळ्यांनीं पाहावयाचा असल्यास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे पडीक जमिनींत उगवणारी भुरुंडी याच्याच गोतांतील मानतात, आणि तिचाहि तुरा असाच वळलेला असतो.

कळी गुलाबी, उमललेलें फूल निळें, आणि मध्यभागीं पिवळें कडें, असें याचें रूप आहे. या कड्याचा अर्थ ज्यानें लाविला तो एक शाळामास्तर होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. वाचकांनीं तो क्षम्य मानावा. ख्रिश्चन कॉनराड स्प्रेंगेल हा बर्लिनजवळील स्पांडाउ गांवच्या शाळेचा मुख्याध्यापक. १७८८ सालच्या उन्हाळ्यांत हें फूल न्याहाळीत असतां त्याच्या लक्षांत आलें, कीं पिवळें कडें नेमकें फुलाच्या नळीच्या तोंडाभोंवतीं आहे, व मध त्या नळींत आहे. तेव्हां हें कडें उगीच शोभेसाठीं नसून कीटकांस मधाची वाट दाखविणारी खूण असली पाहिजे, असें त्यानें अनुमान केलें. फुलांची घडण व कीटकांचें येणें-जाणें यांचा संबंध उलगडणारें त्याचें पुस्तक १७९३ मध्यें प्रसिद्ध झालें. विद्वानांनीं त्याकडे बहुतेक पाठ फिरविली. पुढच्याच वर्षीं त्याची शाळेंतील जागाहि गेली, आणि १८१६ मध्यें तो वारला. १८४१ सालीं चार्ल्स डार्विननें तें पुस्तक वाचलें, व मग त्याची थोरवी जगास कळूं लागली. विसरूं नको म्हणणाऱ्या फुलाचें मर्म सांगणारा मनुष्यच इतकीं वर्षें विसरला गेला! कड्याविषयीं आणखी एक गोष्ट पुढें दिसून आली आहे : फूल जुनें होऊं लागलें म्हणजे कडें पांढरें पडतें, आणि कीटक पिवळ्या कड्याच्या ताज्या फुलांकडेच अधिक वळतात.

आतां लागवड. हें रोप द्विवर्षायु आहे. एका उन्हाळ्यांत उगवावयाचें, हिवाळाभर पानांचा झुबका करून बसावयाचें, दुसऱ्या वसंतांत फुलून बीं धरावयाचें आणि मरावयाचें, हा त्याचा क्रम. म्हणून इंग्लंडांत मे ते जुलैच्या दरम्यान वाफ्यांत बीं पेरतात. बीं बारीक असल्यामुळें त्यावर मातीचा अगदीं पातळ थर पुरे. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरांत रोपें वीतभर अंतरानें कायमच्या जागीं, पुष्कळदां ट्युलिपच्या कंदांमध्यें, लावितात. तीं एप्रिल ते जून फुलतात. जागा अर्धवट सावलीची, माती ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी असावी. खताचा हात आंखडता ठेवावा, नाहीं तर पानेंच माजतात. रोपांची दाटी झाली व मुळाशीं कोरड पडली कीं पानांवर भुरी येते. गोगलगायींचीहि कोंवळ्या पानांवर नजर असते.

फुलें सरल्यावर वाफा विद्रूप दिसतो, आणि नीटनेटका माळी सारीं रोपें एकदम उपटून टाकतो. रोप नाहींसें होतें तें येथें. चार-पांच रोपें बीं पिकेपर्यंत राहूं द्यावीं. प्रत्येक फुलामागें फार तर चार काळीं, चकचकीत बियें धरतात, व तीं आपोआप पडून उगवतात. बाह्यदलांवरील आंकडेवजा लव जनावरांच्या केसांस चिकटते व बीं दूर जातें. उत्तर अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं तर तें इतकें पसरलें आहे कीं लोक तण म्हणून उपटतात.

महाराष्ट्रांत मात्र देशावरचा उन्हाळा या रोपास सोसत नाहीं, आणि उन्हाळा निभावल्याशिवाय त्याची दुसऱ्या वर्षाची पाळी येत नाहीं. तेव्हां येथें हट्ट न धरावा हें बरें. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धांत निसुर्डी नांवाचें याचेंच भावंड फिकट निळ्या फुलांनीं फुलतें. तें तेथेंच पाहावें, खणून आणूं नये. बागेसाठीं चिनी फर्गेट-मी-नॉट घ्यावें. याचें शास्त्रीय नांव सायनोग्लॉसम अमाबिले. खरें फर्गेट-मी-नॉट तें नव्हे, पण निळाईंत तें कमी नाहीं, आणि एका हंगामांत फुलतें. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरांत बीं जागच्या जागींच पेरावें व रोपें विरळावीं, म्हणजे थंडींत फुलें मिळतात. बियांवर बारीक कांटे असतात; तेव्हां बीं गोळा करावयास जाणारानें लोंकरी कपडे घालून जाऊं नये, अर्धें बीं बाहीसच चिकटून येतें.