नाकाबंदी आणि गाडीवाला
(द्वितीय वर्ष कला)

‘नाका’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. जिथे वाट अडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबून काही द्यावे किंवा दाखवावे लागते, तो नाका. जकात नाका, टोल नाका, चेक नाका असे त्याचे अनेक प्रकार. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर गेली, पण नाका काही गेला नाही. रात्री रस्त्यात लोखंडी बॅरिकेड आडवे लावून पोलीस गाड्या तपासतात, त्या नाकाबंदीविषयी मी या लेखात लिहिणार आहे.

विषय निवडण्याचे कारण घरचे आहे. माझे वडील टेम्पो चालवतात. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला माल पोचवायचा, हा त्यांचा तेवीस वर्षांचा क्रम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सुट्टीत मी क्लीनर म्हणून त्यांच्याबरोबर जातो. त्या फेऱ्यांत आणि ढाब्यावरच्या बाजेवर बसून गाडीवाल्यांकडून जे ऐकले, ते आणि ग्रंथालयात बसून मोटार वाहन कायद्यात जे वाचले, ते इथे एकत्र मांडतो आहे. कायद्याची भाषा अवघड. ती समजून घ्यायला राज्यशास्त्राच्या सरांनी मदत केली.

नाकाबंदी एका प्रकारची नसते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. एक असते गुन्हेगार शोधण्यासाठी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अशीच नाकाबंदी होती. तिथे अतिरेक्यांची गाडी अडली आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. ओंबळे गेले, पण कसाब जिवंत सापडला. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या या पोलिसाला २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. दुसरी नाकाबंदी निवडणुकीतली. पन्नास हजारांच्या वर रोकड सापडली की तिचा हिशेब विचारतात. तिसरी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी. ती शनिवारी-रविवारी रात्री, होळीला आणि विशेषतः ३१ डिसेंबरला लागते.

बॅरिकेडमागून पाहणाऱ्याला हा फरक कळतो. गाडीत बसलेल्याला मात्र फक्त टॉर्चचा झोत दिसतो.

आता काही अनुभव सांगतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आण्णांकडे चार शेतकऱ्यांच्या मालाचे पैसे होते. रक्कम पन्नास हजारांच्या वर. पथकाने पिशवी उघडली. आडत्याने दिलेल्या हिशेबपट्ट्या आण्णांनी नोटांबरोबरच रबर लावून ठेवल्या होत्या. पट्टी आणि नोटा जुळल्या, वीस मिनिटांत सुटका झाली. तेव्हापासून आण्णा प्रत्येक नव्या पोराला सांगतात, “पैसा विसरलास तर एक वेळ चालंल, पट्टी विसरू नको.”

पुण्यात रिक्षा चालवणाऱ्या एका काकांनी वेगळीच गोष्ट सांगितली. त्यांना खोकला होता. औषधाची बाटली तोंडाला लावून पाच मिनिटे झाली नाहीत तोच नाकाबंदी लागली. यंत्राने आकडा दाखवला. काकांनी माळ दाखवली, शपथा घेतल्या. तिथल्या हवालदाराने त्यांना बाजूला बसवले, पाणी दिले आणि पाव तासाने पुन्हा फुंकायला लावले. आकडा शून्य! काका म्हणाले, “त्या माणसाचा पाव तास माझं लायसन वाचवून गेला.”

तिसरा अनुभव एका ट्रकवाल्याचा. गाव आणि जागा मी लिहीत नाही. त्याची कागदपत्रे पूर्ण होती, तोंडाला वास नव्हता, तरी ‘चहापाण्याचे’ दिल्याशिवाय बॅरिकेड हलले नाही. गाडीत डाळिंबे होती, उशीर झाला तर भाव पडणार. त्याने पैसे दिले. पावती अर्थातच मिळाली नाही.

मला स्वतःला जास्त लागते ती एक साधी गोष्ट. आमच्या पुढे पांढरी मोटार असते. तिच्या काचेवर हलकेच टकटक होते आणि शब्द येतात, “साहेब, जरा काच खाली घेता का?” मग आमचा टेम्पो पुढे सरकतो. “ए, गाडी बाजूला घे. उतर खाली.” आण्णांचे वय बावन्न आहे. तपासणी दोघांचीही तीच, कायदाही तोच. पण मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढे अंतर त्या दोन गाड्यांत पडते. आण्णा काही बोलत नाहीत. उतरतात, कागद दाखवतात, पुन्हा चढतात. पुढे चार-पाच किलोमीटर ते रेडिओही लावत नाहीत.

आता त्या यंत्राकडे वळू. त्याला ब्रेथ ॲनालायझर म्हणतात. दारूतले अल्कोहोल रक्तात मिसळते आणि फुप्फुसांतून श्वासात उतरते. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल असते, तेवढे १ मिलिलिटर रक्तात असते, असे सर्वसाधारण प्रमाण धरून यंत्र हिशेब करते. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली बनवलेल्या यंत्रात रसायनाचा पिवळा रंग उतरत जाई व त्यावरून अंदाज बांधत. आजच्या हातात मावणाऱ्या यंत्रांत बहुधा एक लहानसा विद्युतघट असतो. श्वासातले अल्कोहोल त्यात गेले की वीज निर्माण होते. अल्कोहोल जास्त, तर वीज जास्त. म्हणून कांदा, वेलदोडा, पान असल्या उपायांनी माणसाचे नाक फसेल, यंत्र फसत नाही. मात्र तोंडातच राहिलेले औषध किंवा गुळणीचे पाणी यंत्राला काही मिनिटे फसवू शकते. म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासणे, ही त्या हवालदाराची मेहेरबानी नव्हती, शास्त्राला धरून असलेली योग्य रीत होती.

आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने ती ८० ठेवली. म्हणजे आपला कायदा बराच कडक आहे. गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावे असे एक गणित इथे आहे. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढेच अल्कोहोल कमी करते. रात्री बारा वाजता एखाद्याच्या रक्तात १५० असेल, तर पहाटे पाचला सुमारे ७५ उरते. झोप झाली, तोंड धुतले, चहा घेतला, तरी तो कायद्याने दारू प्यालेलाच असतो. “रात्रीची होती, सकाळी कशी काय दाखवते?” ही तक्रार मी ढाब्यावर अनेकदा ऐकली. तिचे उत्तर एवढेच आहे.

शिक्षेचे कलम १८५. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडला गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हा दंड रस्त्यावर भरून मिटत नाही, कोर्टात जावे लागते. रस्त्यावर कोणी ‘इथेच मिटवू’ म्हणाला, तर तो कायद्याबाहेरचे बोलतो आहे हे ओळखावे. लायसन जप्त झाले तर पोलिसाने त्याची तात्पुरती पोच दिली पाहिजे. मोटारवाल्याचे लायसन गेले तर तो मागे बसून जातो, टेम्पोवाल्याचे गेले तर त्याची चूल बंद होते.

पण त्याच कायद्यात गाडीवाल्याच्या बाजूच्या गोष्टीही आहेत आणि त्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. कलम २०३ प्रमाणे श्वास मागणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे आणि संशयाला वाजवी कारण असले पाहिजे. श्वास द्यायला नकार देणाऱ्यालाही त्याने दारू घेतल्याचा वाजवी संशय असेल तर अटक होऊ शकते, म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अटक झाल्यावर ठाण्यात पुन्हा श्वास देण्याची संधी मिळते. आणि कलम २०२ सांगते की, दारूच्या गुन्ह्यात असे अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. कागदांचेही तसेच. २०१८ पासून मोबाइलवरील डिजिलॉकरमधले लायसन व आर.सी. ग्राह्य धरतात. ढाब्यावर हे वाचून दाखवले तेव्हा एक म्हातारे ड्रायव्हर म्हणाले, “हे आम्हाला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.”

संशय असेल तरच तपासायचे की सर्वांना सरसकट तपासायचे, हा प्रश्न इतर देशांतही गाजला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये सरसकट तपासणी सुरू केली आणि तिथले रस्त्यावरचे मृत्यू लक्षणीय कमी झाले. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका नाक्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या नाक्यावर १२६ गाड्या तपासल्या गेल्या होत्या आणि प्रत्येकीला सरासरी २५ सेकंद थांबावे लागले होते. १९९० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तपासणी योग्य ठरवली. सर्वांना थोडा वेळ थांबवायचे, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही, हा विचार मला पटतो. सर्वांना तपासले तर पांढरी मोटार आणि टेम्पो एका रांगेत येतात.

एवढे वाचून कोणाला वाटेल की, मी नाकाबंदीच्या विरोधात आहे. तसे मुळीच नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाने दारू घेतलेली होती. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे यंत्र खरे असून भागत नाही, नमुना ज्यांच्या हातातून जातो ते हातही खरे असावे लागतात.

आणि आमच्या घरातले सांगायचे तर, माझ्या आत्याचा मुलगा कामावरून दुचाकीने घरी येत होता. समोरून आलेल्या जीपचा ड्रायव्हर प्यालेला होता. आत्याच्या मुलाचे वय तेव्हा बावीस. आण्णा नाकाबंदीवर कुरकुरतात तेव्हा आत्या एवढेच म्हणते, “त्या दिवशी त्या जीपवाल्याला कुणी दहा मिनिटं अडवला असता तर!” त्यानंतर घरात कोणी बोलत नाही.

माझ्या अल्पमतीला सुचते ते असे. नाकाबंदी कशासाठी आहे, याची पाटी बॅरिकेडवर असावी. नाशवंत मालाच्या गाड्यांची तपासणी आधी व्हावी. यंत्रावरचा आकडा गाडीवाल्याला दाखवावा आणि प्रत्येकासाठी नवी नळी त्याच्यासमोर काढावी. गाडीवाल्यांनीही कागद तयार ठेवावेत. रात्री पिऊन पहाटे स्टेअरिंग धरू नये.

शेवटचे सांगणे माझ्या वर्गमित्रांना आहे. आपल्यातले कितीतरी जण सकाळी पाचला मैदानावर धावतात, पोलीस भरतीची तयारी करतात. नाक्यावर उभा असणारा शिपाई हाही बहुधा आपल्यासारख्याच घरातून आलेला असतो. आमच्या गावचा एक जण पोलिसात आहे. तो म्हणतो, “बारा तास पायावर उभं राहायचं. हातात काठी, समोरून येणारी गाडी थांबेल की अंगावर येईल, ठाऊक नसतं.” हे कष्ट कोणी नाकारू नयेत. तुम्ही भरती व्हाल, नाक्यावर उभे राहाल, तेव्हा प्रत्येक गाडी जरूर थांबवा, प्रत्येकाला फुंकायला लावा, प्यालेल्याला सोडू नका. फक्त टेम्पोतून उतरणाऱ्या माणसालाही ‘तुम्ही’ म्हणा. त्याला कसलाही खर्च नाही, आणि ते कोणत्याही कलमात लिहिलेले नाही म्हणूनच ते तुमच्यावर अवलंबून आहे.