परक्यास थारा देणारा डोळा

विज्ञानाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो : दुसऱ्याचे रक्त गट जुळल्याखेरीज चालत नाही, दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर नाकारू पाहते, मग मृत माणसाच्या डोळ्याचा पडदा जिवंत माणसाच्या डोळ्यात टिकतो कसा? प्रश्न लहान, पण त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे. म्हणून ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बुबुळावरील काचेसारख्या स्वच्छ पडद्यास पारपटल म्हणतात. तो पांढुरका झाला म्हणजे आपण ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतो. नेत्रदानात संपूर्ण डोळा बसवीत नाहीत, हा पडदाच बसवितात. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरास अकरा वर्षांच्या मुलाचे पारपटल बसविले आणि त्यास पुन्हा दिसू लागले. आमच्या धार-देवासच्या शेजारी, इंदुरात, डॉ. आर. पी. धंदा यांनी १९६० साली केलेले पारपटल-रोपण भारतातील आरंभीच्या यशस्वी रोपणांत गणले जाते.

ह्यामागील कारण १९४८ साली पीटर मेडावर यांच्या संशोधनाने पुढे आले. सशाच्या डोळ्याच्या पुढील कप्प्यात ठेवलेले परक्या सशाचे कातडे, अन्यत्र लावल्यास नष्ट होते तसे, लगेच नष्ट होत नाही, असे त्यांना आढळले. डोळ्याच्या ह्या सवलतीस ‘विशेषाधिकार’ म्हणतात. निरोगी पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातील शिपाई पेशींस तेथे सहज पोहोचता येत नाही, हे एक कारण. परंतु केवळ भिंतीने हे साधत नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले.

डोळ्यातील भक्षक पेशी परक्या पदार्थाचा अंश उचलून रक्तमार्गाने प्लीहेपर्यंत नेतात. पण डोळ्यातील द्रवात त्यांना जे संस्कार मिळालेले असतात त्यामुळे त्या युद्धाची हाक न देता शांततेचा निरोप देतात. तेथे ‘नियामक टी पेशी’ तयार होतात आणि आक्रमक पेशींस आवर घालतात. उंदरांत प्लीहा काढून टाकली असता ही सहिष्णुता उत्पन्न होत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. शिवाय पारपटलाच्या व पडद्यांच्या पेशी आत शिरलेल्या आक्रमक पेशींस मरणाची खूण करतात. हे सारे कशासाठी? दृष्टिपटलाच्या चेतापेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जंतूशी लढताना घरच मोडले तर विजय कसला? म्हणून येथे पहारेकरी असतात; मात्र त्यांच्या हाती लाठी न देता शिस्त दिलेली असते.

ही शिस्त अतूट नाही. देवासात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन राज्ये एकाच गावात नांदत होती; आपले दोन डोळेही तसेच शेजारी. एका डोळ्यास खोल जखम होऊन आतले पदार्थ बाहेर पडले तर शरीर त्यांस परके मानते आणि क्वचित काही आठवड्यांनी निरोगी डोळ्यावरही दाह चढतो. लुई ब्रेल यांचा एक डोळा तिसऱ्या वर्षी आरीने फुटला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. ह्याच व्याधीने ते झाले असावे, असे अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गव्हाची कुसळ डोळ्यात गेली, दिवाळीचा फटाका लागला, तर तूप, मध वा दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. वनस्पतीच्या जखमेतून बुरशीचा व्रण झाला तर असे थेंब तो वाढवितात. पानाच्या डब्यातला चुना उडाला तर तत्काळ भरपूर पाण्याने डोळा धुवावा आणि रुग्णालय गाठावे. व्रण चिघळून पारपटलात रक्तवाहिन्या शिरल्या तर पुढे रोपणही टिकणे कठीण जाते.

आणि एक. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीस लगेच कळवावे. तोवर पंखा बंद करून पापण्या मिटाव्यात, ओला कापूस ठेवावा, उशीने डोके थोडे उंच करावे. चष्मा असलेल्यांचे वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही डोळे उपयोगी पडतात. प्रतिज्ञापत्र भरलेले नसले तरी जवळच्या नातलगांची संमती पुरते. पुढच्या जन्मी आंधळेपण येईल ह्या भीतीने आमच्याकडील पुष्कळ घरांतून ही संमती मिळत नाही. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधीस विलंब होत नाही. दुःखाच्या त्या घडीला विचार सुचत नाही. म्हणून तो आजच, सर्वांच्या देखत, घरात बोलून ठेवावा. डोळ्याने परक्यास थारा देण्याची सोय निसर्गतः करून ठेवली आहे. उरते ती आपल्या मनाची तयारी.