मोटार घ्यावी कोणती?

माझा भाचा शिक्षक म्हणून भामरागडला रुजू झाला आणि मोटार कोणती घ्यावी, यावर आम्हां चंद्रपूरकरांच्या घरी परिषदच भरली. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढले, की गावाचे बेट होई!

सौभाग्यवतींनी रंग पाहिला, मी पेट्रोलचा हिशेब मांडला. आलापल्लीचा मेकॅनिक मात्र म्हणाला, “सर, गाडीचं पोट उंच पाहिजे, चारही चाकांना जोर पाहिजे आणि सुटे भाग इथं मिळाले पाहिजेत. पण पुराच्या पाण्यात ती घालूच नका. सिलिंडरात पाणी शिरलं, तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.”

भाच्याने जुनी जीप घेतली. त्या पावसाळ्यात सूनबाईंचे दिवस भरत आले होते. त्याने मृगाआधीच त्यांना नदीपलीकडे हेमलकशाला, 1973 पासून चालू असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याजवळ नेऊन ठेवले. नात जन्मली त्या दिवशी पूल पाण्याखाली होता आणि जीप दारात कोरडी उभी होती.

वाचकहो, मोटार जरूर मजबूत घ्या; पण ती वेळेवर बाहेर काढणारा मालक आधी पाहा!