गोदावरीच्या गाळातील साक्षीदार

परभणीच्या शेतांतील काळी माती पावसाच्या लोंढ्याबरोबर गोदावरीत उतरते आणि धरणा-बंधाऱ्यांतून जी निसटते ती अखेर बंगालच्या उपसागरात विसावते. तिच्यातील सेंद्रिय कर्बही तेथे गाडला जातो. काही मात्र वाटेतच कुजून पुन्हा हवेत मिसळतो. हवेतील कर्बवायूचा दीर्घकालीन हिशेब अशा दफनावर अवलंबून असतो, याची जाणीव क्वचितच आढळते.

प्राचीन समुद्रांतील हे दफन मोजावे कसे? गाळात उरलेला कर्ब मोजून भागत नाही, कारण पुष्कळसा जिवाणूंनी आधीच फस्त केलेला असतो. म्हणून भूशास्त्रज्ञ सूक्ष्म मात्रेतील धातूंची साक्ष काढतात. मॉलिब्डेनम (तुरीच्या मुळांवरील गाठींना नत्र बांधण्यासाठी लागते तेच) प्राणवायूयुक्त पाण्यात विरघळलेले राहते. प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड साचला की ते गाळात अडकते. निकेल व तांबे मृत प्लवकांबरोबर तळाशी येतात आणि तेथे प्राणवायू नसेल तर मूळ कर्ब कुजल्यावरही सल्फाइडांत टिकून राहतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे काळे शेल खडक याच रीतीने वाचले जातात.

गोदावरीच्या बाबतीत साक्षीदार आहे निओडिमिअम. दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर खोऱ्याच्या पूर्वेकडील खडक त्याहून कितीतरी प्राचीन. त्यामुळे दोहोंतील निओडिमिअमच्या समस्थानिकांचे प्रमाण भिन्न असते आणि गाळ कोठला ते कळते. नदीमुखासमोरील समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभावरील संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष चकित करणारा आहे. गेल्या काही सहस्रकांत मान्सून क्षीण झाला तेव्हा धूप घटली नाही, उलट वाढली. वाहून गेलेला कर्बही अधिक जुना, म्हणजे जमिनीत दीर्घकाळ मुरलेला होता. पुढे दख्खनवर शेती पसरली तशी धूप आणखी वाढली.

अवर्षणात निदान माती तरी वाचते, ही समजूत मराठवाड्याने आता सोडावयास हवी. गवत करपलेल्या उघड्या रानावर कोसळलेली एखादी सर शतकांची साठवण धुऊन नेते. समुद्राच्या खात्यात जो कर्ब जमा होतो तो शेताच्या खात्यात नावे पडलेला असतो. बांधबंदिस्तीचा विचार मात्र येथे बहुधा पाण्यापुरताच होतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा आकडा छापलेला असतो, पण तो खताच्या मात्रेपुरता वाचून बाजूला ठेवला जातो. तोच आकडा बांधबंदिस्तीच्या अंदाजपत्रकाशेजारी मांडावा आणि कोणत्या शिवारात काम आधी घ्यावयाचे हे त्यावरून ठरवावे.