साडेसहा ते साडेदहा

जपानमध्ये अनोळखी माणसाच्या तोंडावर दार आपटत नाहीत. मुळात ते उघडतच नाहीत. बेल वाजली की आतला माणूस भिंतीवरच्या छोट्या पडद्यात बाहेरचे चेहरे बघतो. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी दिसली की इंटरकॉममधून मऊ आवाजात ‘केक्को देस्’, म्हणजे ‘नको’, एवढंच ऐकू येतं. काही घरांतून तेवढंही येत नाही. आत दिवा चालू असतो, टीव्हीचा आवाज असतो, उत्तर मात्र नसतं. बाहेरची एकोणीस-वीस वर्षांची दोन मुलं त्या बंद दारालाच वाकून नमस्कार करतात आणि पुढच्या बेलकडे वळतात. कॅमेऱ्यातून कुणी अजून बघत असेल, तर निदान वागणं नीट दिसावं!

ही मुलं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाची. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापलेल्या या चर्चचं मुख्यालय आता सॉल्ट लेक सिटीत आहे. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की १८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन आठवतं, अहमदनगरच्या शाळा, मिरजेचं हॉस्पिटल आठवतं, आणि जन्मभर इथे राहून मराठी लिहू-बोलू लागलेले गोरे पाद्री. तोक्योतल्या या मुलांकडे त्यातलं काहीच नाही. हॉस्पिटल नाही, शाळा नाही, धर्मशास्त्राची पदवी तर नाहीच. बारावी झाली, दोन वर्षं परदेशात काढायची, परत जाऊन कॉलेजात नाव घालायचं. मुलग्यांकडून ही सेवा अपेक्षितच असते. मुलींना ऐच्छिक, आणि ती दीड वर्षाची. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’, पुढे आडनाव. पहिलं नाव तेवढा काळ कुणी घेत नाही.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि आता तोक्योच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहून दुभाष्याचं काम करते. यांची माझी गाठ पडली ती वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर. जपानमध्ये परदेशी माणसाने घर बदललं की चौदा दिवसांत नवा पत्ता नोंदवावा लागतो. या मुलांच्या बदल्या सतत होत असल्यामुळे वॉर्ड ऑफिसात त्यांचं जाणं-येणं असतं. त्या दिवशी दोघं फॉर्मपाशी अडले होते. खिडकीतल्या बाईंशी त्यांचं बोलणं आदबशीर, व्याकरणशुद्ध चाललं होतं. पण ‘कुटुंबप्रमुखाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं ते कळेना. पश्चात्ताप, पुनरुत्थान, अनंत जीवन हे शब्द त्यांना सहज येतात आणि विजेचं बिल वाचता येत नाही, हे मला पुढे अनेकदा दिसलं. ते ज्या क्रमाने भाषा शिकतात त्याचाच हा परिणाम. उटामधल्या प्रोव्हो शहरात चर्चचं प्रशिक्षण केंद्र आहे. जपानीसाठी तिथे सुमारे नऊ आठवडे मिळतात, आणि पहिल्या दिवसांपासून मोडक्यातोडक्या जपानीत प्रार्थना करायला लावतात. दुकान, दवाखाना, प्लंबर यांची भाषा नंतर, रस्त्यावर.

दोघांतला एक आयडाहोचा, बटाट्याची शेती असलेल्या गावातला, दुसरा टोंगाचा. देश त्यांनी निवडलेला नव्हता. अर्ज केला की कुठे जायचं ते सॉल्ट लेक सिटीहून कळतं, आणि पत्र उघडताना सगळं घर भोवती जमतं. आयडाहोच्या मुलाला जपानबद्दल टोयोटापलीकडे काही ठाऊक नव्हतं. या कामाला पगार नाही. उलट अमेरिकेसारख्या देशांतल्या मिशनऱ्यांच्या घरून २०२० पासून दरमहा ५०० डॉलर चर्चकडे भरावे लागतात. मुलगा तोक्योसारख्या महागड्या शहरात असो की स्वस्त देशात, रक्कम तीच. आयडाहोच्या मुलाने त्यातले बरेचसे पैसे शाळेच्या सुट्ट्यांत शेतातले पाण्याचे पाइप सरकवण्याच्या मजुरीतून साठवले होते.

त्यांचा दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ, नाश्ता. नंतर एकेकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, मग दोघांनी मिळून, मग जपानी. सकाळी उशिरा घराबाहेर, रात्री नऊच्या सुमारास घरी, साडेदहाला दिवे बंद. मधल्या वेळात भेटी, स्टेशनसमोर उभं राहून लोकांशी बोलणं, बेल वाजवणं, आणि चर्चतर्फे चालणारा इंग्रजीचा मोफत वर्ग. २०१७ पासून वेळापत्रकात थोडी लवचीकता आली, पण सांगाडा तोच राहिला. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलींशी मैत्री नाही. फोन आहे, पण त्यावर चर्चची गाळणी. प्रवास सायकलने, डोक्यावर हेल्मेट. जपानमध्ये सगळ्याच सायकलस्वारांनी हेल्मेट घालावं असा कायदा २०२३ मध्ये आला. तोवर दुरून हेल्मेट दिसलं की सायकलवर कोण आहे ते आम्ही न बघता ओळखायचो. पोलीसही ओळखतात, तरीही सायकलचं नोंदणीपत्र तपासायला थांबवतात.

वेळापत्रकाहून अवघड असतो जोडीदार. मिशनरी एकटा कधीच नसतो. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असलाच पाहिजे. फक्त न्हाणीघरात सूट. ही जोडी मिशन प्रेसिडेंट लावतो, आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. कुणी राहतो, कुणी दुसऱ्या शहरात जातो, सामान दोन बॅगांत. नव्या मुलाला पहिले बारा आठवडे अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली काढावे लागतात. आयडाहोच्या मुलाने मला सांगितलं, की बंद दारांची सवय महिन्याभरात होते. घोरणाऱ्या, भांडी न घासणाऱ्या, किंवा दर तासाला उत्साहाने स्तोत्र गुणगुणणाऱ्या माणसाची होत नाही. भांडण झालं तरी उठून बाहेर जाता येत नाही, कारण तोही बरोबर येणार. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या तक्रारी बोलून टाकायच्या, असा नियमच आहे. मला तो सगळ्यांत शहाणा नियम वाटतो.

एका संध्याकाळी, त्यांच्या परवानगीने, मी त्यांच्या मागे मागे फिरले. जुनी सरकारी वसाहत होती, पाच मजली, बिनलिफ्टची. वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची आणि खाली यायचं, म्हणजे दम लागलेला असताना बोलावं लागत नाही, हे त्यांनी आधीच्या मुलांकडून ऐकलेलं. बोलायची पाळी आलटून पालटून. एका मजल्यावर एक बोलणार, दुसरा गप्प राहून बघणार, जिन्यात उतरताना सांगणार: क्रियापद चुकलं, घाई झाली, आजोबांना नीट ऐकू येत नव्हतं. बहुतेक दारं बंदच राहिली. एक दार उघडलं ते टोंगाच्या मुलाच्या खांद्यांमुळे. जपानच्या रग्बी संघात टोंगात जन्मलेले खेळाडू आहेत. आतल्या काकांनी थेट रग्बीचा विषय काढला आणि बराच वेळ तोच चालला. शेवटी मुलाने छापील कार्ड पुढे केलं, काकांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि येत्या रविवारी काम आहे म्हणाले. मी जपानीतल्या नकारांवरच पोट भरते, त्यामुळे त्या ‘काम आहे’चा अर्थ मला लगेच कळला. त्या दोघांनाही कळला होता. तरी जिन्यात त्यांनी फोनमध्ये घराचा क्रमांक आणि ‘रग्बी’ अशी नोंद केली. बदलीनंतर येणाऱ्या जोडीला ती नोंद मिळते.

आमच्या घरी ते येतात ते नवरा घरी असेल तेव्हाच. एरवी दारातच उभे राहतात, कारण दोन मुलग्यांनी एकट्या बाईच्या घरात बसायचं नाही, असा नियम आहे. पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी चहा टाकला, आणि मुलांनी हात जोडून नको म्हटलं. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. “अरे, साखर कमी घातलीय,” सासूबाई मराठीतच म्हणाल्या. आमच्या घरात हा हसण्यावारी जाणारा प्रसंग. जपानी घरात चहाला नाही म्हणणं जड जातं, कारण पाहुणा टेकायच्या आत हिरव्या चहाचा पेला समोर येतो. हिरवा चहाही त्याच झाडाचा, म्हणून तोही बंद. सुटका होते ती भाजलेल्या बार्लीच्या ‘मुगिचा’मुळे, तो चालतो. कुठल्या पेल्यात काय आहे ते रंगावरून आणि वासावरून ओळखण्यात ही मुलं तरबेज होतात. मुगिचा नसला तर पाणी मागतात, आणि ते इतक्या विनयाने मागायचं असतं की यजमानाला ओशाळं वाटू नये.

ज्याला यांचं म्हणणं पटलं, त्याचा खरा अडथळा पुढेच असतो. चहा सोडायचा, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, रविवार मोकळा ठेवायचा, आणि घरातल्या देव्हाऱ्याचं व पितरांच्या थडग्याचं काय करायचं ते नातेवाइकांना सांगायचं. त्यात जपानी मनात धर्मप्रचारकाबद्दल धास्ती आहे, आणि तिला कारणं आहेत. १९९५ मध्ये ओम शिन्रिक्यो पंथाच्या लोकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला प्रचंड देणग्या देऊन घर बुडवलं होतं, आणि त्याच्या रागाच्या मुळाशी तेच होतं. मॉर्मनांचा या दोहोंशी काही संबंध नाही. पण बेल वाजवणाऱ्या परक्या मुलाला हे इंटरकॉमवर समजावून सांगता येत नाही, आणि ऐकणाऱ्याने ते ऐकून घ्यावं असंही नाही.

हेबर ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली चर्चचे पहिले मिशनरी १९०१ मध्ये जपानला आले. फळ मिळेना म्हणून १९२४ मध्ये काम बंद झालं, ते युद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. १९८० मध्ये तोक्योत आशियातलं त्यांचं पहिलं टेम्पल उभं राहिलं, आणि त्याच सुमारास आकड्यांची हाव सुटली. रस्त्यावर भेटलेल्या तरुणांना झटपट बाप्तिस्मा दिला गेला. त्यांतले बहुतेक चर्चकडे परत फिरकले नाहीत. आज चर्चच्या हिशेबाने जपानमध्ये सुमारे एक लाख तीस हजार सदस्य आहेत, आणि यादीतली कितीतरी नावं नुसती नावं आहेत. जगभरात २०२४ अखेर ७४ हजारांवर मिशनरी होते आणि त्या वर्षात तीन लाखांवर नवे लोक चर्चमध्ये आले. म्हणजे सरासरी माणशी चार. जपानमधल्या मुलाला ही सरासरी स्वप्नासारखी वाटते. तरी दर आठवड्याला त्याने हिशेब द्यायचाच असतो: किती जणांना शिकवलं, किती जण रविवारी आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली. रकाना भरायचा आणि त्यात शून्य लिहायचं.

सोमवार हा त्यांचा मोकळा दिवस, तोही संध्याकाळपर्यंतच. कपडे धुणं, सुपरमार्केट, केस कापणं, आणि घरी फोन. पूर्वी आवाज ऐकायला मिळायचा तो नाताळात आणि मातृदिनाला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलता येतं. आईबापांना यामुळे हायसं वाटलं. आयडाहोच्या मुलाच्या मते मात्र यामुळे मंगळवार कठीण जातो. काही जण मधेच परत जातात, आजारी पडून, मन खचून, किंवा विश्वास उडून. मॉर्मन गावात अशा मुलाला कुणी टाकून बोलत नसलं, तरी पहिला प्रश्न ‘लवकर कसा आलास?’ हाच असतो. अठराव्या वर्षी, सगळं गाव वाट बघत असताना, जाणं ही निवड कितपत उरते, ते मला सांगता येत नाही. त्यांचंच चर्च खरं, हा दावा तर मला मुळीच पटत नाही, आणि ते मी त्यांना चहाच्या, म्हणजे मुगिचाच्या, टेबलावर सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आयडाहोच्या मुलाची मुदत संपत आली तेव्हा मी विचारलं, हाताला काय लागलं? इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला होता. पुढे त्यांचं चर्चला येणं बंद झालं. हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. मग जे बोलला ते स्वतःबद्दल होतं. परक्यासमोर आता हात थरथरत नाहीत, कुणाशीही एका खोलीत राहता येतं, आणि आपण हे का करतो हे रोज मोठ्याने सांगून सांगून ते स्वतःलाच पक्कं झालं. तो गावी गेला की शिकेल, लवकर लग्न करेल, मिळकतीचा दहावा हिस्सा देईल, आणि वीस वर्षांनी स्वतःच्या मुलाच्या हातात तसंच पत्र बघेल. चर्चचं पुढचं पिढीजात मनुष्यबळ असं तयार होतं: वडीलधाऱ्यांच्या प्रवचनांनी जे झालं नसतं, ते परक्या देशातल्या नकारांनी होतं. म्हणून जपानमधले बाप्तिस्म्याचे आकडे कितीही लहान राहिले, तरी ही फेरी थांबणार नाही. तिला चालू राहायला दार उघडण्याची गरज पडत नाही.