पाणपोई रोज भरायची कोणी?

नव्या मोटारीच्या पडद्यावर किंवा घरातल्या दूरचित्रवाणी संचाच्या 'सेटिंग'मध्ये अगदी तळाशी गेलात, तर 'परवाने' किंवा 'कायदेशीर माहिती' अशा नावाचे एक पान सापडते. ते सहसा कोणी उघडत नाही. उघडलेच, तर बारीक इंग्रजी अक्षरांच्या शेकडो ओळी भराभर वर सरकू लागतात. या ओळींत अनेकदा एक नाव आढळते : डॅनियल स्टेनबर्ग. नावाशेजारी त्यांचा ई-मेलचा पत्ताही असतो. मग गाडीतला नकाशा अडला किंवा गाणी वाजेनाशी झाली, की जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला वैतागलेला गाडीमालक याच गृहस्थांना पत्र पाठवून मोकळा होतो. स्टेनबर्ग राहतात स्वीडनमध्ये आणि गाड्यांच्या धंद्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आलेली ही पत्रे त्यांनी जपून ठेवली आहेत, आणि त्यांतली कितीतरी जाहीरही केली आहेत.

मग त्यांचे नाव तिथे आले कसे? त्यासाठी १९९६ सालात जावे लागेल. त्या काळी संगणकवेडी मंडळी इंटरनेटवरच्या गप्पांच्या 'खोल्यां'मध्ये जमत असत. तिथे बसलेल्यांना एका चलनाचे दुसऱ्या चलनात किती होतात हे आपोआप सांगणारी सोय असावी, असे स्टेनबर्ग यांना वाटले. ताजे दर इंटरनेटच्या एका पानावर मिळत होते. प्रश्न होता तो ते पान रोजच्या रोज आणणार कोण, एवढाच. शोधता शोधता त्यांना राफाएल सागुला या ब्राझीलच्या प्रोग्रामरने लिहिलेली एक चिमुकली आज्ञावली सापडली. जेमतेम काही शे ओळींची. ती त्यांनी वापरली, तिच्यात भर घातली, दोनदा नाव बदलले आणि २० मार्च १९९८ रोजी 'कर्ल' या नावाने ती सर्वांसाठी खुली केली. कोणीही न्यावी, वापरावी, हवी तशी बदलावी. दाम शून्य.

कर्लचे काम सांगायला सोपे आहे. ते एक निरोप्याचे काम आहे. अमुक पत्त्यावर जा, तिथल्या यंत्राशी त्याच्या भाषेत बोल, वाटेत कोणी निरोप फोडणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था कर, आणि मागितलेली वस्तू घेऊन ये. फोनला, टीव्हीला, मोटारीला, छपाईयंत्राला, खेळाच्या यंत्राला, प्रत्येकाला असा निरोप्या लागतो. तो नव्याने घडवत बसण्यापेक्षा तयार असलेला आणि चोख काम करणारा निरोप्या घेणे कोणालाही परवडते. त्यामुळे आज जगभरच्या यंत्रांत मिळून कर्लच्या वीस अब्जांहून अधिक प्रती असाव्यात, असा खुद्द स्टेनबर्ग यांचा अंदाज आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये मंगळावर 'इन्जेन्युइटी' नावाचे छोटे हेलिकॉप्टर उडाले. त्या मोहिमेला ज्यांच्या फुकट दिलेल्या आज्ञावलींचा हातभार लागला, अशा सुमारे बारा हजार प्रोग्रामरांची नोंद तेव्हा घेतली गेली. स्टेनबर्ग त्यांतले एक.

इथवरची कथा आपल्याला आवडणारी आहे. एक साधा माणूस, एक छोटी गरज, आणि पाहता पाहता जगभर पसरलेले काम. पण यात एक बाजू सांगायची राहून जाते. कर्ल १९९८ मध्ये 'तयार झाले' हे खरे नाही. ते अजूनही तयार होते आहे. साधारणपणे दर आठ आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. अशा अडीचशेहून अधिक आवृत्त्या आजवर निघाल्या. प्रत्येकीसोबत काय बदलले, कोणती चूक दुरुस्त केली, ती कोणी दाखवून दिली, याची यादी असते. चूक दाखवणाऱ्यांचे, मदत करणाऱ्यांचे आभार नावानिशी मानलेले असतात, आणि ती नावे आता तीन हजारांच्या पुढे गेली आहेत.

एकदा नीट लिहिलेली आज्ञावली पुन्हा पुन्हा दुरुस्त का करावी लागते? लोखंडासारखी ती गंजत तर नाही! आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे उदाहरण घ्या. वाड्याचा उंबरठा पन्नास वर्षे जागचा हललेला नसतो. पण समोरचा रस्ता दर वर्षी डांबराच्या थरांनी वर वर येत जातो, आणि एका पावसाळ्यात पाणी घरात शिरते. उंबरठ्याचे काही चुकलेले नसते. आज्ञावलीचेही तसेच आहे. भोवतालचे जग बदलते. इंटरनेटची बोलीभाषा १९९८ नंतर बदलली, २०१५ मध्ये तिचे नवे रूप आले, २०२२ मध्ये आणखी एक आले. कुलपे नवी आली, तशा ती फोडण्याच्या युक्त्याही नव्या आल्या. जो जागच्या जागी थांबला त्याच्या घरात पाणी आलेच म्हणून समजा.

हे सारे स्टेनबर्ग यांनी कसे केले? नोकरी आणि संसार सांभाळून, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. जवळजवळ वीस वर्षे हा क्रम चालला. २०१७ मध्ये स्वीडनचा मानाचा पोल्हेम पुरस्कार त्यांना मिळाला, खुद्द राजाच्या हस्ते सुवर्णपदक मिळाले. मात्र पूर्ण वेळ कर्लचेच काम करून त्यावर पोट भरावे, हे २०१९ मध्ये एका कंपनीत रुजू झाल्यावर जमू लागले. म्हणजे राजाचे पदक आधी आणि पगार नंतर!

उन्हाळ्यात आपल्या चौकाचौकांत पाणपोया लागतात. पाडव्याला उद्घाटन होते, नारळ फुटतो, लाल फडक्यात गुंडाळलेल्या माठांशेजारी पुढाऱ्यांचे छायाचित्र निघते. वैशाखात तिथून जावे तर अनेकदा माठ कोरडा आणि साखळीला अडकवलेला पेला रिकामा. जिथे माठ भरलेला आढळतो, तिथे चौकशी केली तर कळते, की शेजारचा एखादा दुकानदार किंवा कोणी निवृत्त गृहस्थ रोज सकाळी माठ घासून भरतो. त्याचे छायाचित्र कुठेही नसते. इंटरनेट नावाची ही अवाढव्य पाणपोई अशाच माणसांच्या जिवावर चालली आहे, आणि पिणाऱ्यांत सर्वांत मोठी तहान आहे ती गडगंज कंपन्यांची.

माठ भरणारा थकला की काय होते, याचे दाखले गेल्या दहा-बारा वर्षांत मिळाले. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'ओपन एसएसएल' या आज्ञावलीत मोठे भगदाड सापडले. बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य संकेतस्थळांचे कुलूप म्हणजे ही आज्ञावली. तिच्या कामाला पूर्ण वेळ वाहिलेला माणूस एक होता, आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर मिळत होत्या. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादावरून रागावून आपल्या अडीचशेहून अधिक लहान आज्ञावली एका सार्वजनिक कोठारातून काढून घेतल्या. त्यांतली एक अवघ्या अकरा ओळींची होती. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरणे, एवढेच तिचे काम. तिच्यावाचून हजारो प्रकल्प ठप्प झाले आणि कोठाराच्या चालकांना काही तासांतच ती परत ठेवावी लागली.

सर्वांत अंगावर काटा आणणारी घटना २०२४ ची. 'एक्सझेड' ही फायली दाबून लहान करणारी आज्ञावली. गाद्या-रजया आवळून बांधाव्यात तसे तिचे काम. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ ती वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे धोशा लावला : सुधारणा लवकर का होत नाहीत, दुसऱ्याच्या हाती काम का देत नाही? दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आपल्याला पूर्वीइतके काम झेपत नाही आणि हा बिनपगारी छंद आहे, असे कॉलिन यांनी सरळ सांगितले. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाने कोणी मदतीला धावून आले होते. काम चांगले, बोलणे सौजन्याचे. हळूहळू विश्वास बसला आणि किल्ल्या हाती आल्या. मग २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला गेला. तो ज्याला ठाऊक, त्याला जगातल्या असंख्य संगणकांत शिरता आले असते.

हे पकडले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, तेही दुसरेच काम करत असताना. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी खांदे उडवले असते. त्यांनी मूळ शोधले, आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगजाहीर केले. चोरदरवाजा तेव्हा थोड्याच संगणकांत पोचला होता, म्हणून निभावले. 'जिया टॅन' हा एक माणूस होता की टोळी, हे आजतागायत उघड झालेले नाही. पण भिंतीचे दुबळे ठिकाण त्याने बरोबर हेरले होते : एक थकलेला, एकटा पडलेला माणूस, ज्याच्याकडे सगळे मागायला येत होते आणि विचारपूस करायला कोणी नव्हते.

मागणाऱ्यांचा तोरा कसा असतो, तेही पाहा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'लॉगफोरजे' नावाच्या एका वेगळ्याच आज्ञावलीतले भगदाड गाजत होते. कर्लचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तरी पुढच्या महिन्यात एका बड्या कंपनीने स्टेनबर्ग यांना प्रश्नांची यादी धाडून चोवीस तासांत उत्तरे मागितली. या कंपनीने त्यांना कधी एक पैसा दिलेला नव्हता. आधी सेवेचा करार करा, मग आनंदाने उत्तरे देतो, असे स्टेनबर्ग यांनी शांतपणे कळवले. अलीकडे त्यांच्यापुढे नवीनच संकट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या, दिसायला विद्वत्तापूर्ण पण मुळात खोट्या तक्रारींचा ढीग. खोटी तक्रार लिहायला एक मिनिट पुरते. ती खोटी आहे हे ठरवायला जाणत्या माणसाचा अर्धा दिवस जातो.

उपाय निघू लागले आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत आज्ञावलींसाठी सरकारी निधी उभारला, आणि कर्ललाही त्यातून मदत मिळाली. आपल्याकडे बंगळूरच्या 'झिरोधा' या शेअर दलाली कंपनीने अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलर देण्याची योजना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केली. मुंबईतही एक वेगळी वाट दिसते. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाचा हिशेब, माल आणि मागण्या सांभाळायला आज्ञावली लिहायला घेतली. तिच्यातूनच पुढे 'ईआरपीनेक्स्ट' उभी राहिली. ती आजही कोणालाही फुकट घेता येते. कंपनी चालते ती ज्यांना ती स्वतः सांभाळायची नाही, त्यांच्यासाठी ती चालवून देण्याच्या मोबदल्यावर. पाणी फुकट, पण माठ भरणाऱ्याची मजुरी रोख, असा हा रोकडा व्यवहार आहे.

आपल्यासारख्या घरगुती माणसांनी यातून काय घ्यायचे? अनेक घरांत आज एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून स्वतःचे काहीतरी करत असते. बसचे वेळापत्रक दाखवणारे पान, मराठी शुद्धलेखन तपासणारे अवजार, सोसायटीच्या पाणीपट्टीचा हिशेब. 'याचे पैसे किती मिळतात?' हा आपला ठरलेला प्रश्न. तो वावगा नाही. उलट तो कंपन्यांनाही विचारायला हवा. पण त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत : 'हे कोणाच्या उपयोगी पडते आहे? आणि तुझी परीक्षा असेल तेव्हा याच्याकडे पाहणार कोण?' मुलांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायची सवय लागली, तर कॉलिन यांच्यासारखे एकटेपण त्यांच्या वाट्याला यायचे नाही.

आणि ज्यांना आज्ञावलीतले ओ की ठो कळत नाही, त्यांच्याही हाती थोडे आहे. फुकटचे अवजार बिघडले तर रागाऐवजी नीट माहिती कळवावी : काय केले, काय झाले, कुठे अडले. सूचना मराठीत करून द्याव्यात. वर्षाला शे-दोनशे रुपये पाठवता आले तर पाठवावेत. आणि रात्री फोनवर 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी झळकली, की 'नंतर' या शब्दावर बोट ठेवण्याची आपली जी जुनी खोड आहे, ती सोडावी. त्या पाटीमागे कोणीतरी नोकरीवरून घरी येऊन, जेवून, पुन्हा बसून सापडलेली एक चूक दुरुस्त केलेली असते. ती आपल्या घरात यायला पाच मिनिटे लागतात.