फ्लॅश स्मृतीचा बंदोबस्त

विजेच्या मीटरापासून दाराच्या डिजिटल कुलपापर्यंत ज्या वस्तू आज स्वतःच्या बुद्धीने वागतात, त्यांची ती बुद्धी नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरमधील फ्लॅश स्मृतीत लिहिलेली असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या या स्मृतीचा स्वभाव असा की, लिहिणे म्हणजे एकाचे शून्य करणे, आणि शून्याचे पुन्हा एक करावयाचे तर एकटे बिट न बदलता सबंध विभागच पुसावा लागतो. म्हणून तिचे संरक्षणही विभागवारच होते.

उदाहरणादाखल एसटीएम३२एफ४०७ ही प्रसिद्ध चिप घ्यावी. तिच्या एक मेगाबाइट स्मृतीचे बारा विभाग आहेत: पहिले चार १६ किलोबाइटांचे, पाचवा ६४चा आणि उरलेले सात प्रत्येकी १२८चे. चिप सुरू होताच लेखनाचा अधिकार बंद असतो; दोन ठरावीक संख्या ठरावीक क्रमानेच दिल्यावाचून तो खुला होत नाही, आणि क्रम चुकला तर पुढील रीसेटपर्यंत दाद लागत नाही. भरकटलेल्या आज्ञावलीने सहज म्हणून स्मृती पुसू नये, एवढाच या शिरस्त्याचा हेतू. त्याहून पक्की तजवीज म्हणजे विभागवार लेखनबंदी. बूटलोडर ज्या आरंभीच्या विभागांत राहतो ते तिने बंद केले, म्हणजे नवी आज्ञावली उतरवताना मध्येच वीज गेली तरी चिपेला पुन्हा उभे राहण्यास जागा उरते. ही बंदी फुकट मिळत असूनही पुष्कळजण ती लावीत नाहीत, हे मला बेफिकिरीचेच लक्षण वाटते.

वाचनबंदीचा मामला वेगळा; तिथे धास्ती परक्याची असते. तिच्या पातळ्या तीन, आणि कोणती लागू हे एका बाइटावर ठरते. त्यात षोडशमान पद्धतीने ‘एए’ असेल तर सर्व मोकळे. ‘सीसी’ असेल तर सर्वांत कडक, दुसरी पातळी, जिच्यात डीबगची वाट कायमची बंद. आणि अन्य कोणतेही मूल्य असेल तर मधली, पहिली पातळी, जिच्यात बाहेरून वाचण्यास मनाई असते, पण सर्व स्मृती पुसली जाण्याचे मोल देऊन माघारी येण्याची मुभा असते. बाइट बिघडले तरी चिप उघडी पडू नये, ही यामागची दूरदृष्टी. परंतु जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या दोघा संशोधकांनी २०१७ साली याच योजनेची दुसरी बाजू दाखविली. एसटीएम३२एफ० मालिकेतील चिपेचे आवरण काढून त्यांनी अतिनील प्रकाश टाकला; त्या प्रकाशाने शून्याचे एक होते, आणि ‘सीसी’मधले एखादे बिट पालटले तरी ती अभेद्य मानलेली पातळी सुटून चिप पहिल्या पातळीवर उतरते. तेवढ्याने स्मृती वाचता येत नाही. पण पहिल्या पातळीच्या डीबगमार्गातही त्यांना एक स्वतंत्र फट सापडली, आणि तिच्यातून आज्ञावली बाहेर काढता आली. म्हणून जे गुपित एका चिपेतून निघाल्यावर त्या जातीची सर्व उपकरणे धोक्यात येतील, ते चिपेवर भिस्त ठेवून तिच्यात लिहूच नये. प्रत्येक उपकरणास निराळी किल्ली द्यावी.

नवशिक्या अभियंत्यांना आग्रहाचे सांगणे एवढेच की, बूटलोडरवरील लेखनबंदी आधी लावावी, आणि दुसऱ्या पातळीला हात घालण्यापूर्वी आपल्याच बूटलोडरच्या वाटेने नवी आज्ञावली खरोखर उतरते की नाही हे पडताळून पाहावे. कारण ती पातळी एकदा लागू झाली की सदोष चिपेची तपासणी खुद्द उत्पादक कंपनीलाही करता येत नाही.